मेलेल्या दाताची टोपी

ज्यांच्या दाताची शीर काढून झाली आहे आणि आता त्यावर टोपी बसवावी की नाही या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. कॉलेजात शिकणारा मुलगा आहे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. त्यामुळे लिहिताना कुठे चुकलो तर सांभाळून घ्यावे.

आणखी एका माणसासाठीही लिहीत आहे. त्याला वाचता येत नाही. पण त्याच्या दुकानात वाचता येणारी गिऱ्हाइके पुष्कळ येतात. त्यांच्यापैकी कोणी तरी हा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, दुकान भरलेले असताना दाखवावा, अशी माझी फार इच्छा आहे. ही इच्छा चांगली नाही हे मला कळते. पण ती आहे, आणि ती लपवून बाकीचे खरे लिहिता येईल असे मला वाटत नाही.

दोरा

आम्ही पिंजारी. माझे वडील, ज्यांना आम्ही बावा म्हणतो, शेवगावच्या आसपासच्या गावांत खांद्यावर धनुकली घेऊन फिरतात आणि लोकांच्या गाद्यांतला कापूस पिंजून देतात. आईच्या थोरल्या भावाचे, म्हणजे माझ्या मामूंचे, नगरात गाद्यांचे दुकान आहे. नगरला कॉलेज निघाले आणि मला तिथे जायचे ठरले, तेव्हा मामू बावांना म्हणाले, "पोरगं माझ्याकडं ऱ्हाईल. सकाळी कालेज, दुपारनं दुकान." बावांनी त्यांचे हात धरून डोळ्यांना लावले. ते मी पाहिले आहे, म्हणून लिहितो. मामूंना मी अजूनही अहो-जाहो करतो. ती सवय आहे, आदर नव्हे.

गादी भरून झाली की मोठ्या दाभणाने टाके घालायचे असतात. प्रत्येक टाक्याला गाठ मारायची आणि दोरा तोडायचा. दोरा जाड, मेण लावलेला. पण आमच्या धंद्यात कात्री सहसा कोणी हातात धरत नाही. दोरा सुळ्यामागच्या दातांत धरून एक हिसका द्यायचा, की तुटतो. बावांचे ते दात वय होण्याआधीच गेले. भाकरीचा पापुद्रासुद्धा ते आमटीत बुडवून खातात, आणि बोलताना त्यांचे शब्द अर्धे हवेत जातात. मराठी शाळेत एक मुलगा त्यांच्या बोलण्याची नक्कल करून वर्गाला हसवत असे. मला शिक्षक व्हायचे आहे. फळ्यासमोर उभे राहून माझे शब्द तसे फुसफुसत जातील, आणि मागच्या बाकावर कोणी तरी माझी नक्कल करील, ही भीती मला दात दुखायच्या आधीपासून होती.

गाल

थंडीत उजव्या बाजूचा, सुळ्यामागचा दुसरा दात दुखू लागला. पहिल्यांदा गार पाण्याने, मग गरम चहाने, मग काहीही न करता. एका सकाळी गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला. दुकानात मामू म्हणाले, "काय रं यासीन, गाल भाड्यानं आनला का कुनाचा?" कापूस भरणारी माणसे हसली. मीही हसायचा प्रयत्न केला, पण तोंड उघडेना.

"बाजारात दातं उपटनारा बसतोय, त्याच्याकडं जा," मामू म्हणाले. "एक झटका, का मोकळा."

त्या माणसाला मी ओळखत होतो. तो उपटलेल्या दातांचा ढीग फडक्यावर मांडून बसतो. तोच त्याचा बोर्ड. मी त्या ढिगापर्यंत गेलो, उभा राहिलो आणि माघारी वळलो. वर्गातल्या एका मुलाने कॅम्पाच्या रस्त्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचे नाव सांगितले होते. ते लढाईत पलटणीबरोबर होते, आता स्वतःचा दवाखाना चालवतात.

डॉक्टरांनी दातावर बारीक हातोडीने टकटक केले. मी खुर्चीतून उठलोच.

"आतली शीर सडली आहे," ते म्हणाले. "उपटायचा असेल तर आत्ता उपटतो. वाचवायचा असेल तर शीर काढावी लागेल, फेऱ्या माराव्या लागतील. काय करू?"

आमच्या घरात दात दुखला की तो काढतात. काय करू, असे विचारत नाहीत. मला कोणी तरी माझ्याच शरीराबद्दल विचारत होते आणि उत्तराची वाट पाहत होते. मी म्हणालो, "वाचवा." मग मला लाज वाटली, की आपण फार मोठे काही मागितले.

पायाने चालणारे यंत्र

ज्यांना अजून या खुर्चीत बसायचे आहे त्यांना मी खोटे सांगणार नाही. दुखते. शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे यंत्र असते आणि त्याला बारीक गिरमिट असते. डॉक्टरांचा पाय दमला की गिरमिट हळू फिरते, आणि ते हळू फिरते तेव्हा जास्त दुखते. म्हणून डॉक्टरांचा पाय दमू नये अशी दुवा मी मागत असे. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिलेला असे. अजूनही मसाल्याचा डबा उघडला की माझे पाय ताठ होतात.

बाहेरच्या बाकावर कॅम्पातले शिपाई बसलेले असत. एकदा एका दांडग्या शिपायाने मला हळूच विचारले, "दुखतं का रे?" मी आतून नुकताच बाहेर आलो होतो. तो इतका घाबरलेला दिसला की मी म्हणालो, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं." पुढच्या वेळी तो बाकावर भेटला तेव्हा गाल धरून ओरडला, "हाच तो मुंगीवाला!" आणि मग आम्ही दोघेही हसलो. भीतीत माणसाला एवढेही पुरते.

शेवटी एका बारीक काटेरी सुईवर गुंडाळून शीर बाहेर आली. डॉक्टरांनी ती मला दाखवली. लालसर, धाग्याच्या तुकड्याएवढी. हिने मला महिनाभर भिंतीला डोके लावून बसवले होते. त्यानंतर आत औषधाचा कापूस ठेवणे, तो बदलणे, पुन्हा ठेवणे असे चालले, आणि मग दात बंद केला.

घरी मुमानी, म्हणजे मामूंची बायको, दुधात भाकरी कुस्करून माझ्यासाठी झाकून ठेवत असे आणि मामूंचे जेवण झाल्यावर मला आत बोलवत असे. "गुपचाप खा," एवढेच म्हणे. तिच्यावर माझा राग नाही. हे मामूंना वाचून दाखवणाऱ्याने ही ओळ गाळू नये.

मामूंना दात वाचवणे हाच मुळात थट्टेचा विषय होता. "मेलेली चीज तोंडात ठेवून नमाज पढनार व्हय रं? मेलेलं घरात ठेवीत न्हाईत, तू तोंडात ठेवतो."

गरज की शौक

आता मुख्य गोष्ट.

दात बंद केला त्या दिवशी मी उठून जाऊ लागलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बस. काम संपलं नाही. शीर गेली म्हणजे दात मेला. वाळक्या लाकडासारखा होतो तो, जोर बसला की उकलतो. समोरचा असता आणि थोडाच किडलेला असता, तर म्हटलं असतं राहू दे तसाच. हा चावायचा दात आहे, आणि आतून पोखरून भिंती पातळ झाल्यात. याला टोपी हवी. सोन्याची."

"पण आता दुखत नाही," मी म्हणालो.

"दुखणारच नाही. तोच घोटाळा आहे. जिवंत दात दुखून सांगतो. हा काही न सांगता एक दिवस फुटेल."

मी चाचरत विचारले, "चांदीची चालणार नाही?"

"मऊ पडते, झिजते. सोनं घेऊन ये, थोडंच लागेल. आणि तोवर त्या बाजूनं काही कडक चावू नको."

मी चांदीचे का विचारले ते डॉक्टरांना कळले नसावे. आमच्यात पुरुषाने सोने अंगावर घालू नये असे आहे. अंगठी नाही, साखळी नाही. दाताचे काय, ते मला माहीत नव्हते. म्हणजे मनात शंका माझ्याही होती.

शेवगावला गेलो तेव्हा आईला, म्हणजे अम्माला, सांगितले. आमच्या बायकांच्या कानाच्या पाळीपासून वरपर्यंत बाळ्यांची रांग असते. अम्माच्या कानात तिच्या आईच्या सोन्याच्या बाळ्या आहेत. तिने बोलता बोलता वरची एक बाळी चाचपली आणि म्हणाली, "एक काढली तर कान काय बहिरा व्हतोय? पर दीनाचं काय हाय ते इचारून घे बाबा. मागनं बोल नको."

नगरला येऊन मी हे सगळे मामूंना सांगितले. बाळीचेही सांगितले.

"सोनं? मर्दाच्या तोंडात?" मामू म्हणाले. "कालेजात हे शिकवत न्हाईत वाटतं."

"डॉक्टर म्हणतात गरज आहे."

"डाक्टरचं काय, उद्या चांदीचं नाक लाव म्हनंल. तू गप बस. मौलवीसाहेबांना मी इचारतो. ते म्हनतील तसं करू."

जुम्म्याच्या नमाजेनंतर मामू माझ्या आधी घरी आले होते. मी आत शिरताच म्हणाले, "इचारलं. न्हाई म्हनले. म्हनले, दुखत न्हाई तर गरज कसली? हा शौक हाय. कालेजातल्या पोरींना दात दाखवायचा शौक."

शेवटचे वाक्य मौलवीसाहेबांचे नसावे असे मला तेव्हाच वाटले. पण पहिले त्यांचे असेल असे वाटले. वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, मशीद गल्लीच्या टोकाला होती, स्वतः जाऊन का विचारले नाहीस? आमच्यात मोठ्या माणसाने एखादा मसला, म्हणजे धर्माचा प्रश्न, विचारून आणला की लहानाने तोच पुन्हा जाऊन विचारायचा नसतो. विचारला तर त्याचा अर्थ एकच होतो, की मोठा माणूस खोटे बोलतो. मामूंच्या छपराखाली राहून मी ते करू शकत नव्हतो. आणि मामूंना ते माहीत होते.

मग मी माझा सगळा राग मौलवीसाहेबांवर काढला. त्यांना सलाम करताना मी मान थोडी कमी वाकवू लागलो. त्यांचा चष्मा, त्यांची खोकण्याची पद्धत, सगळ्याचा मला तिटकारा आला. ज्या माणसाने मला काहीही केले नव्हते, त्याचा मी महिनोन् महिने मनात हिशेब घेत होतो.

तो आवाज

दात गप्प होता. हळूहळू मीही विसरू लागलो. डाव्या बाजूने चावत असे, पण दुकानात दोरा तोडताना हात आपोआप दोरा उजवीकडे नेई, कारण लहानपणापासून तसेच वळण होते. भान आले की मी डाव्या बाजूला घेई किंवा कात्री शोधत असे.

रमजानचे शेवटचे दिवस होते. ईदेच्या आधी लोक गाद्या नव्याने भरून घेतात, त्यामुळे दुकानात श्वास घ्यायला जागा नव्हती. कापसाचा धुरळा, रोजा, तोंड कोरडे. मी म्हणालो, "मामू, कात्री कुठंय?"

"कात्री कशाला?"

"दाताला जोर लावू नको म्हणालेत डॉक्टर."

"दुखतोय का?"

"नाही."

"मग? गिऱ्हाईक उभं हाय तितं, आन हा कात्री शोधतोय. तोड!"

मी तोडला.

आवाज माझ्या डोक्याच्या आत झाला, पण मामूंनीही वर पाहिले. दुखले नाही. खरोखरच काही दुखले नाही. जिभेला एक धारदार कड लागली, आणि मग खारट रक्त. ते गिळले जाऊ नये म्हणून मी धावत मोरीकडे गेलो आणि थुंकत राहिलो. रोजा मी मोडू दिला नाही. मोरीच्या दगडी खड्ड्यात माझ्या दाताचा तुकडा पडलेला दिसला.

मामू पाठोपाठ आले. पण मोरीपर्यंत आले नाहीत. त्यांनी आधी मी शिवत होतो त्या गादीची खोळ उचलून उजेडाकडे धरली. डाग पडला आहे का ते पाहिले. पडला नव्हता. मग मला म्हणाले, "लई लागलं का?"

मी आजारपणाच्या गोष्टी वाचल्या आहेत. त्यांत शेवटी लोक माफ करतात. मी त्या खोळीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहिला आहे, पुष्कळदा. मला जमत नाही.

तार

डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिले आणि आरसा ताटात आपटला.

"टोपी कुठाय?"

"आमच्या मौलवीसाहेबांनी नको सांगितलं."

"मग आता त्यांनाच म्हणावं दात बसवा."

मग ते थोडे शांत झाले. बाहेरची भिंत गेली होती, आतली उभी होती. मुळाला चीर गेलेली नव्हती. त्यांनी उरलेल्या दाताभोवती बारीक तार आवळली, वरून मसाला भरला आणि म्हणाले, "ईद झाली की सोनं घेऊन ये. हे मी टिकवलंय, पण फार दिवस नाही. मुळाला चीर गेली, तर मग माझ्याकडं चिमट्याशिवाय काही नाही."

दवाखान्यातून मी सरळ मशिदीत गेलो. भांडायलाच गेलो. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली होती आणि मौलवीसाहेब हौदाच्या कठड्यावर टेकून बसले होते. ते आमच्याशी उर्दूत बोलतात. मी मराठीत लिहितो आहे.

मी सलामही केला नाही. म्हणालो, "तुम्ही नको म्हणालात म्हणून मी टोपी बसवली नाही. हा बघा." आणि तोंड उघडले.

त्यांनी चष्मा लावून तार पाहिली. मग म्हणाले, "बेटा, कसली टोपी?"

"सोन्याची. दाताची. मामूंनी तुम्हाला विचारलं होतं."

"तुझे मामू माझ्याशी गादीबद्दल बोलले होते. मशिदीतली गादी फाटली आहे, ती शिवून देतो म्हणाले. अजून दिली नाही." त्यांनी चष्मा काढला. "दाताचं मला कोणी विचारलं नाही."

मी तिथेच बसलो. मला त्यांच्यापुढे फार ओशाळल्यासारखे झाले, आणि ते ओशाळणे काही क्षणांतच दुसऱ्याच कशात तरी बदलले.

"विचारलं असतं तर?" मी म्हणालो.

"तर मी विचारलं असतं, हकीम काय म्हणतो? शौक म्हणून सोनं नाही. गरज म्हणून असेल तर वेगळी गोष्ट. काही बुजुर्गांनी चांदीच म्हटलं आहे, काहींनी सोन्यालाही हरकत घेतलेली नाही. चांदी टिकत नाही असं जाणता डॉक्टर सांगत असेल तर सोनं बसव. दात वाचवणं हा शौक नाही." मग त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "जा, ईद होऊ दे, बसवून घे. आणि घरी भांडू नको. रमजान आहे."

मला हवे ते उत्तर मिळाले होते. अम्मा ईदेला नगरला येणारच होती, बाळी देणारच होती. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

ईदगाह

ईदेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते सांगतो, कारण आजारी माणसाच्या मनात असेही काही चालते हे कोणी लिहीत नाही. मी दुकानात बसून टाके घालत होतो, कात्रीने दोरा कापत होतो, मामूंच्या प्रत्येक हाकेला "जी" म्हणत होतो, आणि मनात एकेक बेत करून मोडत होतो. गाद्यांच्या ढिगाला काडी लावावी. कॉलेजातून तोंड काळे करून निघून जावे आणि सगळ्यांना कळवावे का गेलो ते. भर दुकानात ओरडावे. यातले काहीच माझ्याच्याने होणारे नव्हते. मी तसा भित्रा मुलगा आहे. शेवटी भित्र्या मुलाला जमेल असा बेत मला सापडला. मामूंनी जे विचारले म्हणून सांगितले होते, ते त्यांच्याकडून खरोखर विचारून घ्यायचे. सगळ्यांसमोर.

ईदेची नमाज झाली, खुतबा, म्हणजे नमाजेनंतरचे प्रवचन, झाला, आणि लोक उठून एकमेकांच्या गळ्यात पडू लागले. अत्तराचा वास, नवे कुडते. मामूंभोवती त्यांची गिऱ्हाइके, गल्लीतली मोठी माणसे. मामूंनी मला पाहिले आणि दोन्ही हात पसरले, "ये रं यासीन, ईद मुबारक!"

मी गळ्यात पडलो नाही. त्यांचा पसरलेला हात धरला. म्हणालो, "मामू, आधी मौलवीसाहेबांना एक विचारायचंय. मला लाज वाटते. तुम्ही मोठे, तुम्हीच विचारा."

"काय?"

"दाताचं. तुम्ही मागं विचारलं होतं ना, तेच. आता दात फुटलाय, तर पुन्हा एकदा विचारू."

त्यांनी हात ओढून पाहिला. ते म्हणाले, "आज? हितं? सोड ना, घरी बोलू."

"मसल्याला दिवस कसला बघायचा, मामू?" मी म्हणालो. शेजारचे एक आजोबा कौतुकाने मामूंना म्हणाले, "बरोबर बोलतंय पोरगं. इचारा की, गफूरभाई. आमालाबी कळंल." त्या बिचाऱ्यांना मामूंचे खोटे माहीत नव्हते.

मी मामूंना हाताला धरून गर्दीतून नेले. मौलवीसाहेबांनी आम्हाला येताना पाहिले आणि मला नजरेने नको म्हटले. ती नजर मला समजली. मी थांबलो नाही.

मामू घसा खाकरत म्हणाले, "ते... यासीनच्या दाताला सोनं चालतं का?"

मौलवीसाहेब हळूच म्हणाले, "गरज असेल तर चालतं. मी त्याला सांगितलं आहे." आणि त्यांना तिथेच थांबता आले असते, पण ते खरे बोलणारे गृहस्थ आहेत. "आधी विचारलं असतंत, गफूरभाई, तर तेव्हाही हेच सांगितलं असतं."

ते आजोबा म्हणाले, "आधी? पर गफूरभाई, तुमी तर चहाच्या दुकानात म्हनला हुता, मौलवीसाहेबांनी मना केलंय म्हून."

एक माणूस दुसऱ्या कुणाला मिठी मारायला वळला. मग दुसरा वळला. मामूंभोवती मोकळी जागा झाली. त्यांनी पुन्हा माझ्याकडे हात पसरले, आता थोडेसेच. मी हात मागे बांधले.

खरे सांगतो, मला त्या क्षणी इतके बरे वाटले, जितके शीर निघाली तेव्हाही वाटले नव्हते.

शीरखुर्मा

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. मुमानीने शीरखुर्म्याच्या वाट्या मांडल्या होत्या आणि त्यांना कोणी हात लावत नव्हते. अम्मा भिंतीला टेकून बसली होती. बावा दारातच उभे होते.

मामू आत आले आणि अम्माकडे न बघता म्हणाले, "व्हय, मी इचारलं न्हवतं. माझ्या अम्माच्या कानातलं सोनं हाय ते, हमीदा. मरताना तिनं तुला दिलं, मी हूं का चूं केलं न्हाई. म्हनलं, फिरून माझ्या पोरीच्या लग्नाला यील. आन तू ते वितळवून ह्याच्या जबड्यात घालनार? त्यानं रोटी चावायची त्याच्यावर? अम्माच्या कानातलं, ते उष्टं व्हायचं?"

त्यांचा आवाज फाटला. ते नाटक नव्हते. मी हे लिहितो, कारण मला कोणी खोटा म्हणू नये. पण त्यांना हे त्याच दिवशी म्हणता आले असते, आणि ते म्हणाले असते तर मी दात उपटून टाकला असता. त्यांनी अल्लाचे नाव पुढे केले आणि मला दोरा तोडायला लावला.

मी म्हणालो, "मामू, गादी भरून खोळ न घालता कधी कुणाला दिलीत का? भरलेल्या दातालाही खोळ लागते."

"यासीन!" बावा ओरडले. त्या दिवशी त्यांचा शब्द अगदी स्पष्ट आला.

अम्माने हात कानाशी नेला. बाळी जुनी होती, निघेना. मुमानी तेल घेऊन पुढे आली आणि मामूंच्या देखत तिने ती सोडवून दिली.

मामू म्हणाले, "हमीदा, ती दिलीस तर पुन्हा माझ्या दारात यिऊ नगंस."

अम्माने बाळी माझ्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटवली. मग उठली आणि पायांत चपला घातल्या. शेवगावच्या मोटारीत बसताना ती मला म्हणाली, "दात राहिला तुझा. माझं माहेर गेलं." रागाने नाही म्हणाली. आपण हवापाण्याचे बोलतो तसे म्हणाली.

टोपी

टोपी बसली. फार दुखले नाही. उरलेल्या दाताभोवती कड घासून जागा केली, मेणाचा साचा घेतला, आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी ती बसवून वरून कापसाचा बोळा दिला व म्हणाले, "चाव." मी चावून पाहिले. पहिले काही दिवस तोंडात कोणी तरी परके राहायला आल्यासारखे वाटते. मग वाटेनासे होते. आता मी वर्गातल्या एका मुलाबरोबर खोली घेऊन राहतो आणि भाकरी दोन्ही बाजूंनी खातो.

ज्यांच्यासाठी लिहायला बसलो त्यांना सांगतो. शीर काढलेला दात समोरचा असेल आणि बराचसा शाबूत असेल, तर डॉक्टर कदाचित राहू द्या म्हणतील. ते म्हणाले तर राहू द्या. पण चावायचा दात असेल, आतून पोखरलेला असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. आणि सोन्याबद्दल, उपासाबद्दल, कशाहीबद्दल मनात शंका असेल, तर ज्याला ती विचारायची त्याच्यासमोर स्वतः जाऊन उभे राहा. घरातला कोणी मोठा म्हणाला, मी विचारून येतो, तर म्हणा, मीही येतो. त्यांना राग आला तर येऊ द्या.

कॉलेजला जाण्याची माझी वाट आता मामूंच्या दुकानावरून जात नाही. तरी मी तिकडून जातो. ते दारात बसून टाके घालत असतात. मी समोर थांबतो, ते वर बघेपर्यंत थांबतो, आणि हसतो. टोपी सुळ्यामागच्या दुसऱ्याच दातावर आहे. तोंड भरून हसले तर ती दिसते, आणि ऊन असेल तर चांगली दिसते. ते मान खाली घालतात. मग मी वर्गात जातो.

सुट्टीत शेवगावला गेलो की अम्मा मला दारातच उजेडाकडे वळवते आणि तोंड उघडायला लावते. एका बोटाने टोपी दाबून बघते. हलत नाही ना, एवढे पाहते. मग चुलीकडे वळून, माझ्याकडे पाठ करून विचारते, "भाई कसा हाय? दिसतो का कवा?"

मी सांगतो, "दिसतात. बरे आहेत."

"वाळलाय का?"

"थोडे."

ती आणखी काही विचारत नाही. मी कसा बघतो, कुठे उभा राहून बघतो, हे मी तिला सांगत नाही. आणि परत गेलो की पुन्हा त्याच रस्त्याने जातो.